ओल्या यीस्टची बाटली घरी नेल्यावर

आमच्या दुकानातून तुम्ही जी बाटली नेता, त्यात पावडर नाही, जिवंत यीस्ट आहे. विरजण जसं जपता तसंच हे जपा. फरक एवढाच की विरजण एकाददिवस विसरलं तरी सांभाळून घेतं, ओला यीस्ट घेत नाही.

बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र आहे. ते मुद्दाम ठेवलंय, बंद करू नका. यीस्ट थंडीतही थोडाथोडा वायू सोडत असतो. खानापूरच्या एका काकूंनी बसमध्ये सांडू नये म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावली. घरी पोचेपर्यंत बाटली दगडासारखी टणक झाली आणि झाकण उघडताच अर्धा यीस्ट ओट्यावर सांडला. बाटली उभी धरून न्या. चिकोडी-निपाणीकडे जाणार असाल तर बर्फाच्या पिशवीसोबत बांधून देतो, तसं आधी सांगा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवूच नका.

घरी पोचल्यावर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, २ ते ६ अंशांत. दारात नको, दर उघडझापीला तिथं गरम हवा लागते. फ्रीजरमध्ये तर अजिबात नको, कारण गोठताना पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फुटतात. लाइट गेली तर फ्रीज उघडत बसू नका, बंद फ्रीज दोन-चार तास थंडी धरून ठेवतो. बाटलीवरच्या तारखेपासून १४ दिवसांत वापरा, एकदा उघडली की पाच-सहा दिवसांत संपवा.

दोन दिवसांत खाली सायीच्या रंगाचा घट्ट थर बसतो आणि वर तपकिरी पाणी येतं. ते पाणी बिघाड नव्हे, ओतून टाकू नका. झाकणाच्या छिद्रावर घडीभर बोट धरून बाटली सावकाश उलटसुलट करून एकजीव करा आणि मगच मोजा. न हलवता वरचंच ओतलं तर पीठ फुगत नाही, आणि मग यीस्टच मेलेला, असं वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच जास्त असते.

खात्री करायची तर अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा किसलेला गूळ विरघळवा आणि त्यात दोन चमचे यीस्ट घाला. १० ते १५ मिनिटांत वर फेस धरला तर यीस्ट जागा आहे. पाणी बोटाला नुसतं कोमट लागावं, साधारण ३५ अंश. ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरतो आणि पुन्हा जिवंत होत नाही. गुलाबी किंवा हिरवा डाग दिसला, कुजका वास आला, तर चव बघत बसू नका, टाकून द्या.

प्रमाण: एक किलो मैद्याला ३५ मिली. उन्हाळ्यात २५ मिली पुरतो, तेव्हा मळायला फ्रीजचं पाणी घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हवा गार असते, पीठ उशिरा फुगतं. तेव्हा यीस्ट वाढवू नका, वेळ वाढवा. यीस्ट जास्त झाला की पावाला आंबूस वास मारतो. मीठ थेट यीस्टवर टाकू नका, ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. मीठ मैद्यात मिसळा, यीस्ट पाण्यात.

हाच यीस्ट घरी बिअर करायला चालेल का, असं बरेचजण विचारतात. पावासाठी आणि बऱ्याच प्रकारच्या बिअरसाठी यीस्टची सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हीच जात लागते. पूर्वी युरोपातले पाववाले बिअरच्या पिंपावरचा फेस आणून पीठ फुगवायचे. पण कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवता येत नाही, घरच्या घरीसुद्धा. म्हणून त्यासाठी आम्ही यीस्ट देत नाही आणि प्रमाणही सांगत नाही.

रिकामी बाटली धुऊन परत आणा, पुढच्या बाटलीत १० रुपये कमी घेऊ. धुताना साबण वापरू नका, नुसत्या गरम पाण्याने विसळा.