लोकल ट्रॅकवर स्टॉक कार चालवायचीय? क्लास, कागदपत्रं, सेफ्टी गिअर आणि इंजिनाचे नियम

अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मंडळींना शनिवारी रात्री जवळच्या ट्रॅकवर स्टॉक कारची, म्हणजे रस्त्यावरच्या मॉडेलवर बेतलेल्या रेसकारची, रेस बघून आलं की वाटतं आपणही एकदा उतरावं, आणि उतरता येतं, त्यासाठी प्रोफेशनल असावं लागत नाही. फक्त सगळे पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात, तो खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा.

आधी क्लास, म्हणजे कुठल्या गटात गाडी चालवायची ते, ठरवा. नॉर्थ कॅरोलायनातलं बोमन ग्रे स्टेडियम घ्या, पाव मैलाचा ट्रॅक, १९४९ पासून तिथे नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगच्या मुख्य संस्थेच्या, रेसेस होतायत. मॉडिफाइड, स्पोर्ट्समन, स्ट्रीट स्टॉक आणि स्टेडियम स्टॉक असे चार क्लास आहेत, त्यातला शेवटचा चार सिलिंडरच्या गाड्यांचा, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. प्रत्येक ट्रॅकचं रूलबुक वेगळं असतं, त्यामुळे चालू सीझनचं रूलबुक वाचल्याशिवाय जुनी रेसकार घेऊ नका, ती शेजारच्या गावात चालत होती म्हणून तुमच्याकडे पास होईल असं अजिबात नाही.

कागदपत्रं फार नाहीत. फोटो आयडी, ट्रॅकचं किंवा नॅस्कारचं लायसन्स जे मागतील ते, कार नंबरचं रजिस्ट्रेशन आणि बक्षिसाच्या पैशांसाठी डब्ल्यू-९ हा टॅक्सचा फॉर्म. मुलगा-मुलगी १८ च्या आतली असेल तर जन्मदाखला आणि पालकांची सही, बऱ्याच ठिकाणी ती नोटराइज्ड लागते. एच-१बी वर असाल तर बक्षिसाची रक्कम घेणं व्हिसाच्या अटीत बसतं का ते इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा, आणि लाइफ इन्शुरन्सची पॉलिसीही काढून वाचा, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये रेसिंग वगळलेलं असतं.

आता सेफ्टी, इथे पैसे वाचवू नका. हेल्मेटच्या आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं स्टिकर असतं, त्यावर एसए (कार रेसिंगचं हेल्मेट) आणि वर्ष हवं, एसए २०२० वगैरे. एम लिहिलेलं हेल्मेट मोटरसायकलचं, त्याची आगीची टेस्ट झालेली नसते. सूटवर एसएफआय या रेसिंगच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा ३.२ए/५ चा टॅग बघा, आगीत सेकंड डिग्री भाजेपर्यंत त्यात साधारण १० सेकंद मिळतात, ३.२ए/१ च्या एका थराच्या सूटमध्ये ३ च. बेल्टच्या टॅगवर महिना आणि वर्ष पंच केलेलं असतं, एसएफआय १६.१ चा बेल्ट २ वर्षांनी बाद, दिसायला कितीही नवा असो, उन्हाने पट्टा कमजोर होतो. मानेसाठी हॅन्स, म्हणजे धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊ न देणारं, किंवा तसलं एसएफआय ३८.१ चं डिव्हाइस घ्याच, तुमच्या क्लासला कंपल्सरी नसलं तरी. नॅस्कारचे नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये वारले ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने, आणि त्यांनी असं डिव्हाइस लावलेलं नव्हतं.

मग इंजिन. बऱ्याच क्लासमध्ये जीएमचं ६०२ क्रेट इंजिन, म्हणजे कंपनीकडून तयार जोडून मिळणारं इंजिन, चालतं, ३५० क्युबिक इंच, ३५० हॉर्सपॉवर, आणि फॅक्टरीतून सील होऊन येतं. इनटेक, हेड, पुढचं कव्हर आणि ऑइल पॅन अशा चार ठिकाणी खास बोल्ट असतात, त्यातला एक जरी छेडलेला दिसला तरी टेकवाले, म्हणजे गाड्या तपासणारे ट्रॅकचे अधिकारी, ते इंजिन बाद करतात, म्हणून सेकंडहँड घेताना टॉर्च घेऊन हे चारही बोल्ट स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. हा नियम मला मनापासून पटतो, कारण ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याचंच इंजिन जिंकणार असेल तर गॅरेजमध्ये रात्री राबणाऱ्याने ट्रॅकवर यायचं तरी कशाला.

रेसच्या दिवशी गेटवर रिलीजवर, म्हणजे जोखीम आपली असं मान्य करणाऱ्या कागदावर, सही, पिट पास (गाड्या तयार करायच्या जागेत जायचा पास), टेक इन्स्पेक्शन, ट्रान्सपाँडर (लॅपची वेळ मोजणारं यंत्र) लावणं आणि ड्रायव्हर्स मीटिंग, ही मीटिंग चुकवू नका, बऱ्याच ठिकाणी चुकवली की मागून स्टार्ट देतात. रेडिओवरचं ऐका, अपघात झाला आणि आग नसेल तर सेफ्टी क्रू येईपर्यंत गाडीतच बसून राहा, खिडकीचं नेट खाली सोडा म्हणजे तुम्ही ठीक आहात हे त्यांना कळतं. जिंकलात तर थेट वजनकाट्यावर जायचं, वजन ड्रायव्हरसकट होतं, आणि मग टेक, तिथे पास होईपर्यंत निकाल पक्का नसतो.