घोडा हट्टी आहे की त्याला दुखतंय: या प्रश्नामागचा इतिहास

स्वार वर बसला की घोडा कान मागे पाडतो, शेपटी सारखी झटकतो, तोंड उघडून लगाम चावतो, अडथळ्यापाशी येऊन थबकतो. घोड्यांमधे वावरणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलेलं असतं, आणि माणूस घोड्यावर बसायला लागला तेव्हापासून बघत आलाय. पण त्याचा अर्थ काय लावायचा हे मात्र गेल्या दहाएक वर्षांतच नीट बदललंय. आधी अर्थ स्वभावाचा लागायचा, म्हणजे घोडा खट्याळ आहे, आळशी आहे, माजलाय. आपल्याकडचं कोडंच बघा ना, भाकरी का करपली, घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे. म्हणजे घोडा अडला की कमी पडला तो सराव, त्याचा पाय किंवा पाठ दुखत असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अगदी कुणालाच कळत नव्हतं असंही नाही. ग्रीसमधे झेनोफोनने इ.स.पू. चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहून ठेवलंय, त्यात तो सांगतो की रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नका, आणि जबरदस्तीने करून घेतलेलं काम घोड्याला समजतही नाही आणि ते बघायला सुंदरही दिसत नाही. आपल्याकडे शालिहोत्राची, म्हणजे जुन्या अश्ववैद्यकाची परंपरा, त्यात घोड्याचे रोग, दात, खूर, खाणं यांचं चांगलं ज्ञान होतं, पण त्याच परंपरेत शुभ-अशुभ खुणा बघायचंही मोठं प्रस्थ होतं. केसांचा भोवरा कुठे आहे, देवमण हा शुभ भोवरा आहे का, घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला, आहे का. सारंगखेड्याच्या बाजारात आजही गिऱ्हाईक हे विचारतं आणि किंमत त्यावर वरखाली होते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोच माणूस त्याच घोड्याच्या अंगावर बारीक नजर फिरवत असतो, पण स्वार बसल्यावर त्या घोड्याचं तोंड कसं होतं ते बघत नाही.

युरोपात तर मधे उलटाच काळ आला. 1550 मधे नेपल्सच्या ग्रिसोनेचा घोडेस्वारीवरचा ग्रंथ छापला गेला आणि तो खूप चालला, त्यात पुढे न जाणाऱ्या घोड्याला वठणीवर आणायचे एकेक भयंकर उपाय आहेत, काठीला मांजर बांधून ती काठी घोड्याच्या पोटाखाली आणि पायांमधे आणायची इथपर्यंत. नंतर फ्रान्समधे घोडेस्वारीचे गुरू प्लुविनेल आणि मग ला गेरिनिएर (त्याचा ग्रंथ 1733 चा) यांनी सौम्य पद्धत रुजवली, पण एकूण चौकट तीच राहिली, घोडा ऐकतो की नाही ऐकत.

एकोणिसाव्या शतकात थोडी फट पडली. डार्विनने 1872 मधे प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा दिसतात यावर लिहिताना घोड्याच्या मागे दाबलेल्या कानांचीही नोंद केली. आणि 1877 मधे ॲना सिवेलची ब्लॅक ब्यूटी ही एका घोड्याची कादंबरी आली, जी तिने घोड्यांसोबत काम करणाऱ्या माणसांसाठी लिहिली होती. गाडीचे घोडे रुबाबदार दिसावेत म्हणून त्यांची मान एका पट्ट्याने वर ताणून ठेवायची फॅशन होती, त्याविरुद्ध लोकमत तयार व्हायला या पुस्तकाचा मोठा हात आहे.

तरी पशुवैद्यकात पुढची शंभर वर्षं लंगडेपणा तपासायची मुख्य रीत तीच होती, मोतद्दार हातात दोरी धरून घोड्याला कडक जमिनीवर दुडकी पळवणार आणि डॉक्टर डोक्याचा हेलकावा बघणार. पुढचा एक पाय दुखत असेल तर हे लगेच दिसतं. पण दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर हेलकावा येतच नाही, घोडा फक्त आखडून आणि छोटी पावलं टाकत चालतो. आणि काही घोडे मोकळे असताना ठीक दिसतात, खोगीर आणि माणूस पाठीवर आला की मगच त्रास बाहेर येतो. त्यात घोडा मुळात शिकारी जनावरांचं भक्ष्य, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात, आणि स्वार तर बसलेला असतो डोक्याच्या मागे, त्याला डोळे आणि तोंड दिसतच नाहीत.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती प्रयोगशाळेतल्या उंदरांपासून. 2010 मधे उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी आली, 2014 मधे तशीच घोड्यांसाठी आली, ती खच्चीकरणाच्या ऑपरेशननंतरच्या घोड्यांवर तयार केली होती. पण तो घोडा तबेल्यात उभा असलेला. स्वारीतल्या घोड्याचं काम केलं इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या ॲनिमल हेल्थ ट्रस्टमधल्या डॉ. सू डायसन यांनी. आधी चेहरा, मग 2018 मधे पूर्ण शरीर. 117 वागणुकींची यादी घेतली, 24 लंगडणाऱ्या आणि 13 न लंगडणाऱ्या घोड्यांचे व्हिडिओ तपासले, आणि शेवटी 24 खुणा उरल्या. त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी.

या यादीचं मोल तिच्या नेमकेपणात आहे. नुसतं कान मागे नाही, तर 5 सेकंद किंवा जास्त मागे. दात विलग होतील असं तोंड 10 सेकंद उघडं. डोळ्याचा पांढरा भाग पुन्हापुन्हा दिसणं, लगामाची कडी तोंडातून एका बाजूला ओढली जाणं, शेपटी दाबून किंवा एका अंगाला धरणं, सारखं अडखळणं. एखाद्या क्षणी कान मागे गेले तर तो कदाचित मागचा आवाज ऐकत असेल, म्हणून सेकंदांची अट.

पण खरा पुरावा पुढेच होता. ज्या घोड्यांचे मालक म्हणत होते की हा असाच आहे, त्यांच्या पायातली नस भूल देऊन बधिर केली आणि पुन्हा स्वार बसवला, तोच घोडा, तोच स्वार, तेच मैदान, आणि खुणा एकदम कमी झाल्या. स्वभाव काही इंजेक्शनने अर्ध्या तासात बदलत नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. पुढे डायसन यांनी सहा घोडे आणि वेगवेगळ्या वजनाचे चार स्वार घेऊन छोटा अभ्यास केला, त्यात जड स्वारांच्या फेऱ्या मधेच थांबवाव्या लागल्या.

स्पर्धांच्या जगात मात्र नियम हलले ते शास्त्रामुळे कमी आणि कॅमेऱ्यामुळे जास्त. 2009 मधे डेन्मार्कमधे सरावाच्या वेळी मान छातीकडे ओढलेल्या एका घोड्याची निळी पडलेली जीभ व्हिडिओत दिसली, लगेच 2010 मधे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जोर लावून मान वाकवणं अमान्य ठरवलं. 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमधे आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत सेंट बॉय नावाचा घोडा पुढे जायला तयारच नव्हता, वर रडणारी जर्मन खेळाडू, आणि बाहेरून तिच्या प्रशिक्षकाने घोड्याला ठोसा मारला. त्या खेळात घोडा चिठ्ठीने मिळतो आणि ओळख व्हायला फक्त 20 मिनिटं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. 2025 पासून तोंडाभोवतीचा पट्टा किती आवळलाय ते मोजायचं साधनही महासंघाने वापरात आणलंय, कारण पट्टा गच्च आवळला की तोंड उघडायची खूणच दिसेनाशी होते.

आपल्याकडे माल वाहणाऱ्या आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत. काटेरी लगामाला मनाई, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, सलग पाच तासांवर काम नाही, पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम बंद. चांगले नियम आहेत ते, आणि तरी काटेरी लगाम अजूनही सापडतात. पण ते सगळे वजनावर, वेळेवर आणि सामानावर बोलतात. माथेरानला चढावर पर्यटक घेऊन चाललेल्या घोड्याचे कान आणि शेपटी काय सांगतायत हे बघायचं काम अजून कुठल्या तपासणीच्या फॉर्मवर आलेलं नाही, ते सध्या तरी लगाम धरून पुढे चालणाऱ्या घोडेवाल्यावर आणि वर बसणाऱ्यावरच आहे.