आधी सगळे बाहेर, मग ओळखीचे आत

‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढणारे पेय’ अशा जाहिरातींत एक तपशील हटकून गाळलेला असतो, तो म्हणजे त्या द्रव्याचे नाव. नाव सांगितले, तर पेय घेण्यापूर्वी आणि नंतर रक्तातील त्याचे प्रमाण मोजता येईल, आणि बहुधा तीच अडचण असावी. घामावाटे विष निघून जाते ही समजूतही फारशी खरी नाही; घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि त्याचे काम शरीर थंड ठेवण्याचे. घातक पदार्थांची विल्हेवाट प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे लावतात. त्यांपैकी मूत्रपिंडांची रीत मला प्रथम समजली, तेव्हा ती निव्वळ उधळपट्टी वाटली होती.

मूत्रपिंड रक्तातील घाण वेचून काढते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बरेचसे उलटे घडते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात आणि प्रत्येकाच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. तेथे रक्तदाबामुळे पाणी आणि त्यात विरघळलेले लहान रेणू सरसकट नलिकेत ढकलले जातात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने तेवढी मागे राहतात. असा द्रव दिवसाला सुमारे १८० लिटर गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव जेमतेम ३ लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. लघवी मात्र दीड लिटरच्या आसपासच होते, कारण बाकीचा सुमारे ९९ टक्के द्रव नलिकेच्या भिंतीतील पेशी परत रक्तात पाठवतात.

ही परतफेड फुकट होत नाही. या पेशींच्या रक्ताकडील बाजूस असलेला पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून दर फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते, नलिकेतील सोडियम आत शिरू पाहते, आणि त्याच ओढीचा फायदा घेऊन एक वाहक प्रथिन सोडियमबरोबर ग्लुकोजलाही आत आणते. तेथून दुसरा वाहक ते रक्तात पोहोचवतो. वाहकांची क्षमता मर्यादित असल्याने रक्तातील साखर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ती लघवीत उतरू लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? विष ओळखून काढायचे असते, तर प्रत्येक नव्या विषासाठी नवा वाहक लागला असता. उपयोगी पदार्थांची यादी मात्र आटोपशीर असते. त्या यादीत नसलेला, काल प्रयोगशाळेत जन्मलेला रेणूसुद्धा नलिकेतून वाहून जातो. काही पदार्थ तर नलिकेच्या पेशी स्वतःहून बाहेर फेकतात; पेनिसिलिन इतक्या झपाट्याने निघून जाते, की १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये टंचाईपायी ते रुग्णाच्या लघवीतून काढून त्यालाच पुन्हा टोचले गेले.

या रीतीत एक पळवाट आहे. मेदात विरघळणारे रेणू पेशींच्या मेदमय आवरणातून वाहकाशिवायच रक्तात परततात. म्हणून यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) त्यांना बहुधा ऑक्सिजन जोडतात, मग इतर विकरे त्यावर ग्लुक्युरॉनिक आम्लासारखा पाण्यात विरघळणारा भाग चढवतात, आणि असा रेणू लघवीतून किंवा पित्तावाटे बाहेर पडतो. ही प्रक्रिया नेहमीच निर्धोक नसते. पॅरासिटामॉलच्या थोड्या भागापासून यकृतातच एक विषारी पदार्थ बनतो. पेशींतील ग्लुटाथायोन नावाचे संयुग त्याला निकामी करते, पण मात्रा अति झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

शिसे मूत्रपिंड आणि यकृत या दोघांनाही चकवते. त्याचे आयन कॅल्शियमसारखे वागत असल्याने शरीर ते ओळखीचे समजून हाडांत साठवते, आणि तेथे ते कित्येक दशके राहू शकते. गंभीर विषबाधेत डॉक्टर शिशाला जखडून लघवीवाटे नेणारी औषधे देतात, आणि रक्तातील शिशाचे प्रमाण उपचाराआधी व नंतर मोजून पाहतात.