नांगर, भिंगरी आणि ‘आई’: टॅटूचा अर्थ शोधताना

टॅटूच्या दुकानात गेलं की आधी एक जाडजूड अल्बम, हल्ली बहुधा टॅब, हातात ठेवतात. चित्राखाली त्याचा अर्थ छापलेला असतो. मोरपीस म्हणजे कृष्णभक्ती, भिंगरी हा पक्षी म्हणजे सुखरूप घरी परतणं, जहाजाचा नांगर म्हणजे स्थैर्य, आडवा आठ म्हणजे न संपणारं प्रेम. गिऱ्हाईक अर्थ वाचून चित्र पसंत करतं. आडवा आठ हे चिन्ह अनंतासाठी पहिल्यांदा वापरलं जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं, १६५५ साली, शंकुच्छेदांवरच्या पुस्तकात. त्यात प्रेमाचा कुठे संबंध नव्हता. साडेतीनशे वर्षांनी ते कुणाच्या तरी मनगटावर जोडीदाराच्या नावासह येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

अशा याद्या नेमक्या कुठून आल्या, हे शोधायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही. जुन्या काळी गोंदवून घेणारे सहसा लिहिते नव्हते, आणि लिहिणाऱ्यांनी सहसा गोंदवून घेतलेलं नसायचं. म्हणून पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकार उलट्या बाजूनं सुरुवात करतात. गोंदण शरीरावर कुठे आहे, ते कुणी काढलं असेल, कुणाला दिसत असेल, हे आधी. चित्र काय आहे, ते नंतर.

याचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे ओत्झी. सप्टेंबर १९९१ मध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेवर आल्प्समध्ये भटकणाऱ्या एका जोडप्याला बर्फातून वर आलेलं प्रेत दिसलं. अलीकडेच मेलेला कुणी गिर्यारोहक असेल, असं सुरुवातीला वाटलं. तो निघाला सुमारे ५ हजार ३०० वर्षांपूर्वीचा. २०१५ मध्ये वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्याच्या त्वचेचे फोटो घेतले तेव्हा गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या, १९ गटांत. त्यात ना प्राणी, ना देव, ना फूल. नुसत्या आडव्या-उभ्या रेघा आणि एखाद-दुसरी फुली. बहुतेक खुणा कंबर, गुडघा, घोटा, मनगट अशा जागी. एक्स-रेमध्ये त्याची कंबर, गुडघे आणि घोटे झिजलेले दिसतात. कंबरेवरच्या रेघा त्याला स्वतःला दिसत नव्हत्या, स्वतःच्या हातानं काढता येण्याजोग्याही नव्हत्या, आणि बाकीच्यांच्या नजरेपासून त्या कपड्यांखाली झाकलेल्या असणार. म्हणून अनेक संशोधकांना वाटतं की हा दुखण्यावरचा इलाज असावा, आपल्याकडे दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालतात त्या जातीचा. हा अंदाजच आहे, पण जागेवरून बांधलेला अंदाज आहे.

त्या रेघा काढल्या कशा, यावरही वाद होता. कातडी चिरून त्यात काजळी चोळली, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मग एका टॅटूकारानं स्वतःच्याच पायावर आठ निरनिराळ्या अवजारांनी एकच नक्षी गोंदवली आणि ती बरी झाल्यावर तिचे ठसे तपासले गेले. २०२४ मध्ये ओत्झीच्या रेघांशी ते ताडून पाहिले, तेव्हा टोकदार अवजारानं एकेक टोचा मारून काढलेल्या रेघा सर्वांत जवळच्या ठरल्या. रेघेची टोकं गोलसर, कडांना ठिपक्यांची किनार. म्हणजे गावच्या जत्रेत सुईनं गोंदवायचे तीच रीत.

चित्र असलेलं सगळ्यात जुनं गोंदण इजिप्तचं आहे, आणि ते शंभरेक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलेन इथली एक पुरुषाची ममी आहे. तिच्या दंडावर काळपट डाग दिसायचा, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१८ मध्ये अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात फोटो घेतला आणि डागाचे दोन प्राणी झाले: लांब शेपटीचा रानबैल आणि त्याच्यावर किंचित चढलेला, वाकड्या शिंगांचा आफ्रिकी रानमेंढा. वय साधारण ५ हजार वर्षं. त्याच भागातल्या एका स्त्रीच्या खांद्यावर इंग्रजी एस अक्षरासारख्या चार आकृत्या सापडल्या. त्या काळच्या मडक्यांवरही तशा आकृत्या आहेत. अर्थाचा अंदाज बांधायला हा आधार बरा, कारण तेच चिन्ह दुसरीकडे कशासोबत येतं हे तरी त्यातून कळतं. बैल म्हणजे बळ, असं म्हणायला मात्र आजही कल्पनेचीच मदत घ्यावी लागते.

अवरक्त प्रकाशात चित्र दिसलं याचं कारण भौतिकशास्त्रात आहे, आणि ते आपल्या आज्यांच्या हातावरच्या गोंदणालाही लागू पडतं. काजळी म्हणजे कार्बन. तो जवळपास सगळ्या रंगांचा प्रकाश गिळतो. अवरक्त प्रकाश त्वचेतून बराच आत जातो, त्यामुळे वरची कातडी काळवंडलेली असली तरी खालचा कार्बन त्यात काळाकुट्ट उठून दिसतो. साध्या उजेडात वेगळंच घडतं. निळा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरांतच विखुरतो आणि बराचसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. लाल प्रकाश खोल जातो आणि तिथे कार्बन त्याला गिळून टाकतो. परतणाऱ्या उजेडात निळ्याचं पारडं जड होतं, त्यात त्वचेचा पिवळसर-तपकिरी रंग मिसळतो आणि काळी काजळी हिरवी दिसू लागते. शिरा निळसर दिसण्यामागेही याच विखुरण्याचा हात आहे. गोंदण हिरवं पडतं ते त्यातल्या पाल्याच्या रसामुळे, असं घरोघरी सांगतात. काजळीत पाल्याचा रस घालायचे हे खरं, पण तो रस शरीर लवकरच निपटून टाकतं. मागे राहते ती काजळीच.

ती मागे का राहते, हे कोडं २०१८ मध्ये बरंचसं सुटलं. सुई शाई सोडते ती त्वचेच्या दुसऱ्या थरात, पृष्ठभागाच्या खाली दीड-दोन मिलीमीटरच्या आत. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, म्हणून तिथली शाई टिकली नसती. खालच्या थरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी असतात. जंतू, कचरा, जे परकं दिसेल ते गिळायचं हे त्यांचं काम. त्या शाईचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. फ्रान्समध्ये मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवलं आणि मग तिथल्या या पेशी मुद्दाम मारून टाकल्या. गोंदण पुसट व्हायला हवं होतं. ते जसंच्या तसं राहिलं. मेलेल्या पेशींतून सांडलेली शाई नव्यानं आलेल्या पेशींनी गिळली होती. एरवीही हेच चालू असतं: पेशी मरते, शाई सुटते, शेजारची पेशी ती उचलते.

आता गोंदणाच्या अर्थाकडे. महाराष्ट्रात बायकांच्या हातांवर तुळस, विंचू, फुल्या, ठिपक्यांची नक्षी, नवऱ्याचं किंवा भावाचं नाव, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपका, असं सगळं असतं. विंचू कशाला, असं विचारलं तर कुणी म्हणेल विंचू चावू नये म्हणून, कुणी म्हणेल आईच्या हातावर होता म्हणून, आणि कुणी म्हणेल जत्रेत सगळ्या मैत्रिणींनी तोच काढून घेतला म्हणून. तिन्ही उत्तरं खरी मानायला हवीत. एक गोष्ट मात्र गावोगाव ऐकू येते: सोनंनाणं चोर नेतील, मेल्यावर घरचेच उतरवून घेतील, गोंदण तेवढं बरोबर येतं. हा अर्थ तुळशीचाही नाही आणि विंचवाचाही नाही, तो गोंदवून घेण्याचाच आहे. म्हणून तर ही नक्षी पुष्कळदा बांगड्यांच्या, पाटल्यांच्या जागी असते.

त्याच काजळीनं, त्याच सुईनं, त्याच कपाळावर किती वेगळं लिहिता येतं पाहा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सरकारनं १७९७ मध्ये नियम केला, की जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदवायचा. पळून गेला तरी ओळखू यावा, हा हेतू. काही कैदी पागोटं कपाळावर खाली ओढून ते झाकत. १८४९ मध्ये हा प्रकार बंद झाला. जपानमध्येही एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, गुन्हेगाराच्या दंडावर पट्टे गोंदवत, आणि शिक्षा झालेले लोक त्यावर मोठी चित्रं काढून ते पट्टे बुजवत.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचे माओरी. त्यांच्या चेहऱ्यावरच्या नक्षीला मोको म्हणतात. पूर्वी ती सुईनं न टोचता छिन्नीसारख्या अवजारानं खोदत, त्यामुळे त्वचेत खोबणी पडत. १८२६ मध्ये ते पेही कुपे हा माओरी सरदार इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला आला होता. त्याचं चित्र काढणाऱ्या चित्रकाराकडून मोकोची एकही रेघ चुकू नये यावर त्याचा कटाक्ष होता. पुढे त्यानं स्वतःच, समोर आरसा न घेता, आपल्या चेहऱ्यावरची सगळी नक्षी कागदावर काढून दिली. युरोपातला माणूस आपलं नाव लेखणीनं लिहितो, माझं इथे आहे, असं तो कपाळाकडे बोट दाखवून म्हणाल्याची नोंद आहे. माओरी सरदार दस्तऐवजांवर सही म्हणून मोकोचा भाग काढत असत. त्यात घराणं आणि मान दोन्ही आले. आज जगभरच्या दुकानांत ‘माओरी डिझाइन’ मागितलं जातं, तेव्हा मागणारा नकळत दुसऱ्या कुणाच्या तरी सहीची नक्कल मागत असतो. म्हणून बाहेरच्यांसाठी काढायच्या नक्षीला माओरी कलाकारांनी किरितुही हे वेगळं नावच दिलं आहे.

अल्बममधली चित्रं बहुतांशी या कुठल्याच परंपरेची नाहीत. ती खलाशांची आहेत. भिंगरी म्हणजे ५ हजार सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ हजार किलोमीटर प्रवास झाला. कासव म्हणजे विषुववृत्त ओलांडलं. एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा असला की माणूस बुडत नाही, कारण जहाज फुटल्यावर या प्राण्यांचे लाकडी खुराडे तरंगत किनाऱ्याला लागायचे. ही शेवटची गोष्ट मला जरा जास्तच नेटकी वाटते. मैलांचा हिशेबही कुठल्या नियमपुस्तकातला नाही, बोटीवरच्या गप्पांतून तो पुढे आला. लेखी पुरावा वेगळंच सांगतो. ब्रिटिश आरमार अमेरिकी खलाशांना जबरदस्तीनं पकडून नेत असे, म्हणून १७९६ पासून अमेरिकेत खलाशांना ओळखपत्रं देऊ लागले. त्यांवर अंगावरच्या खुणांची नोंद असे. फिलाडेल्फियाच्या या कागदांत नावाची आद्याक्षरं खूप आहेत, सोबत नांगर, हृदय, क्रूस. आद्याक्षरांचा उपयोग सरळ होता. पकडलं तर ओळख पटावी, आणि बुडून वाहत आलं तरी पटावी.

मग गुन्हेगारांचं काय? इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यानं १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला आणि गोंदण हे त्याचं एक लक्षण ठरवलं. ही समजूत अजूनही पुरती गेलेली नाही. रॉबर्ट शूमेकर आणि झोई आल्कर या इतिहासकारांनी १७९३ ते १९२५ या काळातल्या ब्रिटिश कैद्यांच्या नोंदी संगणकावर चाळल्या. ५८ हजार कैद्यांच्या अंगावरच्या ७५ हजारांहून अधिक गोंदणांची वर्णनं त्यांना मिळाली. त्यांत गुन्हेगारी टोळ्यांची गुप्त चिन्हं शोधायला जाल तर निराशाच होईल. आहेत ती आद्याक्षरं, प्रियजनांची नावं, हृदयं, क्रूस, आणि पुन्हा नांगर, तोही खलाशी नसलेल्यांच्या हातावरसुद्धा. बायबलमधल्या हिब्रूंस पत्रात आशेला आत्म्याचा नांगर म्हटलं आहे, त्यामुळे ख्रिस्ती घरांत नांगर हे आशेचं जुनं चिन्ह. एखाद्या कैद्याच्या हातावरचा नांगर समुद्राचा की आशेचा, की गोंदवणाऱ्याला तेवढंच बरं काढता येत होतं म्हणून, हे नुसत्या चित्रावरून कधीच कळणार नाही.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचा आधार होता एडिसनची कागदाला भोकं पाडणारी विजेची लेखणी. काम झपाट्यानं होऊ लागलं, दुकानांच्या भिंतींवर तयार नमुन्यांचे तक्ते लागले, आणि तेच नांगर, त्याच भिंगऱ्या बंदराबंदरांतून फिरल्या. विकायच्या चित्राला गोष्ट जोडलेली असली की ते पटकन विकलं जातं. आजच्या अल्बममधले अर्थ बरेचसे या धंद्याची देणगी असावेत, असं माझं मत आहे.

आपल्याकडे सध्या देवनागरीतलं ‘आई’, हृदयाच्या ठोक्यांच्या रेघेत गुंफलेलं ‘आई-बाबा’, त्रिशूळ आणि शिवरायांची राजमुद्रा जोरात आहेत. यांचे अर्थ समजावून सांगायला अल्बम लागत नाही. पण जागेचा प्रश्न इथेही येतोच. भारतीय सैन्यभरतीच्या नियमांत कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला त्यात सवलत आहे. दंडावर किंवा छातीवर राजमुद्रा काढून बसलेल्या मुलाला वैद्यकीय तपासणीत हा नियम समजतो आणि मग तो लेझरवाल्याकडे धावतो.

लेझरनं टॅटू खोडला जात नाही, फुटतो. सेकंदाच्या अब्जांश भागाएवढ्या किंवा त्याहून लहान झोतांनी शाईचे कण तडकतात. काळी शाई सगळे रंग गिळते म्हणून ती सोपी, काही हिरव्या, निळ्या, पिवळ्या शाया चिवट. बारीक झालेले कण लसिकेबरोबर, म्हणजे शरीरात झिरपणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहून जातात, पण सगळेच शरीराबाहेर पडत नाहीत. काही जवळच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे हातावरचा टॅटू असेल तर काखेतल्या गाठींत, जाऊन बसतात. लेझर न करताही थोडी शाई तिथे पोचतेच. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन या यंत्रावर, त्यातून निघणाऱ्या तीव्र क्ष-किरणांखाली, मृत देहांच्या लसिकाग्रंथी तपासल्या तेव्हा त्यांत शाईतले रंग आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सापडले. अशी गाठ तपासणीत कधी कधी संशयास्पद दिसते आणि बायोप्सीपर्यंत वेळ येते. त्यामुळे मॅमोग्राफीला किंवा काखेतली गाठ दाखवायला जाल तेव्हा टॅटू आहे, किंवा होता आणि काढून टाकला, हे डॉक्टरांना आधीच सांगा.