पिंजऱ्यातून सोडलेलं माकड, रानातून हलवलेलं माकड

'दुर्मिळ माकडं जंगलात सोडली' अशी बातमी वाचताना सहसा कळत नाही की ती आली कुठून. पिंजऱ्यात जन्मलेली रानात सोडली, की एका रानातली पकडून दुसऱ्या रानात नेली? फोटो दोन्हींचा सारखाच येतो, पिंजऱ्याचं दार उघडतानाचा.

ब्राझीलच्या गोल्डन लायन टॅमरिनवर दोन्ही उपाय झाले. हे अर्ध्या-पाऊण किलोचं, सोनेरी आयाळीचं माकड फक्त रिओ द जानेरो राज्यातल्या किनारी जंगलात सापडतं. 1970च्या दशकात ती जेमतेम दोनशे उरली होती.

1984 पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली टॅमरिन तिथे सोडायला सुरुवात झाली. 2000 पर्यंत दीडशेच्या आसपास सोडली गेली. सुरुवातीचे हाल वाईट होते. जन्मभर पक्क्या दांड्यांवर खेळलेली ही माकडं, फांदी वाकली की गोंधळायची, पडायची, रस्ता चुकायची. त्यांची लांब बोटं झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाच्या पानांत खुपसून किडे काढण्यासाठीच असतात, पण यांना खाणं ताटलीतून मिळालेलं. सोडण्याआधी शिकवणी दिली, तिचा फारसा उपयोग झाला नाही. सोडल्यावर महिनोन् महिने खाणं पुरवणं आणि झोपायला खोकी टांगणं, हे मात्र कामी आलं. आणि रानात जन्मलेल्या त्यांच्या पिल्लांना शिकवावं लागलंच नाही.

1994 पासून दुसरं काम सुरू झालं. शेता-कुरणांनी वेढलेल्या जंगलाच्या तुकड्यांत अडकलेली सहा कुटुंबं, एकूण 42 माकडं, युनियाओच्या जंगलात हलवली. पकडायचं ते अख्खं कुटुंब, कारण जुळी पिल्लं बाप आणि मोठी भावंडंही पाठीवर वागवतात. यांना फांदी, फळ, शिकारी पक्षी सगळं ठाऊक. त्यांना हवी होती ती फक्त रिकामी जागा. दुसऱ्या टोळीच्या हद्दीत सोडलं असतं तर मारामाऱ्याच झाल्या असत्या. ती तिथे उत्तम रुजली आणि 1998 मध्ये ते जंगल राखीव झालं.

(कोकणात बागायतदार 'माकडं पकडून लांब नेऊन सोडा' म्हणतात, तेही हे दुसरंच काम. नव्या जागी आधीची टोळी आहे का, खायला काही आहे का, हे बघितलं नाही तर ती पुढच्या गावात उतरणार.)

रानातली कुटुंबं शिल्लक असतील तर आधी ती हलवावीत, असं मला वाटतं. स्वस्त पडतं, माकडंही कमी मरतात. पण हलवल्याने माकडांची संख्या वाढत नाही, नवं रक्तही येत नाही. ते पिंजऱ्यातल्यांनी आणलं: आजच्या रानटी टॅमरिनांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांचे वंशज आहेत.

2014 मध्ये ती 3,700 च्या आसपास होती. पीतज्वराच्या साथीनंतर अडीच हजारांवर आली. मग माकडांना लस टोचायला सुरुवात झाली, आणि 2020 मध्ये बीआर-101 महामार्गावर झाडं लावलेला पूल झाला, म्हणजे तुकड्या-तुकड्यांतली कुटुंबं आपली आपण पलीकडे जाऊ शकतील. 2023 च्या गणनेत आकडा 4,800 च्या घरात गेला.