मृदाजीवाणूंच्या नव्या जातींची ओळख व वर्गीकरण

मातीतून वेगळा केलेला जीवाणू आजवर वर्णन झालेल्या कोणत्याही जातीत बसत नाही, हे अनेक प्रकारच्या पुराव्यांनी सिद्ध करून त्याला वर्गीकरणात स्थान व नाव देण्याची ही पद्धती आहे.

कोकण किनारपट्टीवर या कामाला मोठा वाव आहे, कारण कातळसड्यावरची आम्लधर्मी, लोहयुक्त जांभी माती आणि खाडीकाठची खारजमीन अनेकदा एकाच गावाच्या शिवारात सापडतात. खारजमिनीतले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात व तेथे भात पिकते. उन्हाळ्यात ओलाव्याबरोबर ते पुन्हा वर चढून जमिनीवर पांढरी पापडी धरतात. म्हणून एकाच खाचरातली वैशाखातली व श्रावणातली माती जीवाणूंच्या दृष्टीने वेगळी असते, आणि नमुन्यासोबत खोली, सामू व क्षारता यांच्याइतकीच महिन्याचीही नोंद आवश्यक ठरते.

१ ग्रॅम माती ९ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात ढवळून दहा-दहा पटींनी विरळ करतात व बशीतील आगरयुक्त पोषक माध्यमावर पसरतात. खारजमिनीच्या नमुन्यासाठी माध्यमात मीठ घालावे लागते. वरून एकजिनसी दिसणाऱ्या वसाहतीत (माध्यमावर वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्यात) दोन जीवाणू मिसळलेले असू शकतात, त्यामुळे ती नव्या माध्यमावर रेघा ओढून पुनःपुन्हा पसरून शुद्ध करतात. मातीतील बहुसंख्य जीवाणू मात्र बशीत वाढतच नाहीत.

पहिली चाचणी सुमारे १,५०० आधारकांच्या (डीएनएच्या ‘अक्षरां’च्या) १६एस आरआरएनए जनुकाची, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा एक घटक घडवणाऱ्या व सर्व जीवाणूंत आढळणाऱ्या जनुकाची असते. जवळच्या ज्ञात जातीशी साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती नवी असण्याची शक्यता बळावते. पण त्याहून अधिक साम्य असूनही जाती भिन्न असू शकतात, म्हणून या एका आकड्यावर निर्णय देणे घाईचे ठरते. संपूर्ण जीनोमांच्या (पेशीतील सर्व डीएनएच्या) तुलनेत सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असणे हा अधिक भक्कम निकष आहे. त्याला पेशीतील वसाम्ले, क्विनोने (ऊर्जानिर्मितीत इलेक्ट्रॉन वाहणारी संयुगे) व ध्रुवीय लिपिडे (पेशीपटलातील स्निग्ध घटक), तसेच तापमान, सामू आणि मीठ सोसण्याची मर्यादा यांच्या तपासण्यांची जोड देतात.

जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीचा प्ररूप वाण (जातीचा प्रमाण नमुना मानलेला वाण) किमान दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जिवंत ठेवावा लागतो. भारतात असे संग्रह पुणे व चंडीगड येथे आहेत. गावावरून किंवा प्रदेशावरून नाव दिल्यास ते लॅटिन व्याकरणानुसार घडवतात. न वाढवता आलेल्या जीवाणूंना केवळ जीनोमच्या आधारे नाव देण्यासाठी २०२२ मध्ये ‘सीक्कोड’ ही स्वतंत्र संहिता आली.