वेज अँटिलीस : दोन्ही डेथ स्टारवरून परतलेला वैमानिक

स्टार वॉर्सच्या मूळ तिन्ही चित्रपटांत बंडखोरांचा वैमानिक वेज अँटिलीस आहे, पण तिन्ही मिळून त्याच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. अंगात फोर्स ही गूढ शक्ती नाही, हातात लाइटसेबर ही प्रकाशाची तलवार नाही, घराण्याचं गुपितही नाही. एक्स-विंग हे लढाऊ विमान घेऊन तो साम्राज्याच्या दोन्ही डेथ स्टारवर, म्हणजे ग्रह उडवू शकणाऱ्या महाकाय अवकाशतळांवर, चाल करून गेला आणि दोन्ही वेळा जिवंत परतला. असा वैमानिक सगळ्या गाथेत तो एकटाच.

या पात्राचा जन्म मात्र गोंधळातच झाला. १९७७च्या चित्रपटात पहिल्या डेथ स्टारवरच्या हल्ल्याआधीच्या बैठकीत नायक ल्यूकशेजारी बसून, एवढं बारीक लक्ष्य टिपणं अशक्य आहे म्हणणारा वेज म्हणजे कॉलिन हिगिन्स. पुढे कॉकपिटमध्ये दिसतो तो डेनिस लॉसन, आणि त्याच्या तोंडी आवाज आहे डेव्हिड अँक्रमचा. श्रेयनामावलीत लॉसनच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलं. (याच लॉसनचा भाचा इवान मॅकग्रेगर पुढे १९९९मध्ये स्टार वॉर्समध्येच ओबी-वानच्या भूमिकेत आला.) हे पात्र पुढे चालवायचं असा कुणाचा बेत त्या वेळी असेल, असं मला तरी वाटत नाही.

तरी पडद्यावर त्याने केलेलं काम नीट पाहावं. ल्यूकच्या मागे साम्राज्याचं टाय फायटर हे विमान लागतं, ल्यूकला ते झटकता येत नाही, तेव्हा समोरून येऊन ते उडवतो तो वेज. शेवटच्या धावेत त्याच्या विमानाला मार बसतो आणि ल्यूकच त्याला बाहेर पडायला सांगतो. मागे राहिलेला ल्यूकचा मित्र बिग्ज मरतो. चढाईला निघालेल्या तीस विमानांपैकी परतताना मदतीला आलेल्या मिलेनियम फाल्कन या यानासोबत दिसतात ती अवघी तीन, त्यांतलं एक वेजचं.

माझा सर्वांत आवडता प्रसंग १९८०चा, हॉथ या ग्रहाच्या बर्फावरचा. तोफा साम्राज्याच्या चालत्या अजस्र यंत्राच्या चिलखतावर चालत नाहीत, तेव्हा वेजचा साथीदार जॅन्सन मागच्या बाजूने दोर सोडतो आणि वेज आपलं छोटं विमान यंत्राच्या पायांभोवती गरागरा फिरवतो. दोर सुटतो, पाय अडकतात, यंत्र तोंडावर आपटतं. युक्ती ल्यूकची, पण ती तडीस नेणारे हात वेजचे. १९८३मध्ये तो रेड तुकडीचा प्रमुख झालेला असतो आणि दुसऱ्या डेथ स्टारच्या पोटात फाल्कनच्या बरोबरीने शिरतो.

त्याला खरं आयुष्य मिळालं ते पुस्तकांत. १९९६ ते १९९९ या काळात मायकेल स्टॅकपोल आणि अॅरन ऑलस्टन यांनी एक्स-विंग मालिकेच्या नऊ कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कणा वेजच होता. कोरेलिया ग्रहाचा हा मुलगा, आईवडिलांचं इंधन भरण्याचं स्थानक, तिथल्या स्फोटात दोघांचा मृत्यू आणि त्याला कारणीभूत असलेल्या चाच्यांचा त्याने घेतलेला माग, ही त्याची पूर्वकथा त्याच काळातल्या लेखनात भरत गेली. तुकडीत नवे चेहरे येत, काही परत येत नसत आणि रिकाम्या जागा भरायचं काम वेजकडे असे.

एप्रिल २०१४मध्ये लुकासफिल्मने हे सगळं लेखन 'लेजंड्स'मध्ये टाकलं, म्हणजे अधिकृत कथेतून वगळलं. वाचकांना ते लागलं, मलाही लागलं. मग नवा वेज उभा राहिला. रेबल्स या अॅनिमेशन मालिकेच्या २०१६च्या तिसऱ्या पर्वात तो साम्राज्याच्या वैमानिक अकादमीतला कॅडेट आहे, आणि सबीन या बंडखोर मुलीच्या मदतीने तिथून निसटून बंडखोरांना मिळतो. नव्या कादंबऱ्यांत त्याला नोरा वेक्सली ही जोडीदार भेटली आणि तिचा मुलगा स्नॅप त्याचा सावत्र मुलगा ठरला.

२०१९च्या चित्रपटात एक्सेगोल ग्रहावरच्या लढाईत स्नॅप मारला जातो. त्यानंतर थोड्या वेळाने फाल्कनच्या तोफेमागे काही क्षणांपुरता एक म्हातारा चेहरा दिसतो. तो डेनिस लॉसन, शेवटच्या मूळ चित्रपटानंतर ३६ वर्षांनी. फाल्कन चालवणाऱ्या लँडोच्या उड्डाणाला तो दाद देतो. स्नॅपबद्दल त्याच्या तोंडी एक शब्दही येत नाही.